खुरांची रोजनिशी

दूध कमी झाले की गोठ्यात पहिली चर्चा चाऱ्याची होते. पेंड बदलली का, मका कोवळा होता का, पाणी कमी पडले का? मग कास दाबून पाहिली जाते. पायांकडे नजर जाते ती सर्वांत शेवटी, आणि तीही गाय उघडउघड लंगडू लागल्यावर. पण लंगडणे ही आजाराची सुरुवात नसते. गाय आज लंगडते, तेव्हा तिच्या खुराचे दुखणे बहुतेक वेळा काही आठवड्यांपूर्वीच सुरू झालेले असते.

यामागे गायीचा स्वभावही आहे. गाय हा मुळात शिकाऱ्यांपासून जीव वाचवत कळपाने राहणारा प्राणी. कळपात जो मागे पडतो, तो आधी सापडतो. त्यामुळे सोसवेल तोवर ती दुखणे सोसते आणि चाल जमेल तितकी सरळ ठेवते. फक्त थोडे कमी खाते, जास्त वेळ बसून राहते, वैरण टाकली तरी उशिरा उठते. दूध अर्धा-एक लिटरने उतरते. ती माजही नीट दाखवत नाही, कारण दुसऱ्या गायीवर चढायचे तर मागच्या पायांवर जोर द्यावा लागतो. माज कळला नाही की रेतनाची वेळ चुकते, दोन वेतांमधले अंतर वाढते. हिशेब मांडणाऱ्याला मात्र वाटते, चारा बाधला.

अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात चार-पाच संकरित गायींचा गोठा हा असंख्य घरांचा आधार आहे. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने येतात. दुधाचे बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी निघते. किराणा, शाळेची फी, औषधपाणी त्यावर चालते. अशा घरात पाचांपैकी एक गाय पायाने अधू झाली, तर दुधाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा धोक्यात येतो. म्हणून खुरांची निगा हा पशुवैद्यकाच्या फेरीपुरता विषय राहत नाही. तो रोजच्या झाडलोटीचा, वैरणीचा आणि धारेच्या वेळेचा विषय आहे.

बोटांच्या टोकांवर उभी गाय

आपण तळपायावर उभे राहतो. गाय बोटांच्या टोकांवर उभी असते. प्रत्येक पायात तिची दोन बोटे जमिनीला टेकतात आणि त्या बोटांवरचे टणक आवरण म्हणजे खुराची नखी. चार पायांच्या मिळून आठ नख्या. साडेचारशे-पाचशे किलोचे शरीर या आठ नख्यांवर तोललेले असते.

बाहेरचे आवरण आपल्या नखांसारखेच केराटिन या प्रथिनाचे असते. त्याला संवेदना नसते, म्हणून ते कापले तरी दुखत नाही. त्याच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला जिवंत थर असतो. नवे खूर हाच थर तयार करतो. त्याच्याही आत बोटाचे शेवटचे हाड. हे हाड खुराच्या भिंतीला आतून हजारो बारीक पापुद्र्यांनी बांधलेले असते. दोन वह्यांची पाने एकमेकांत अडकवावीत, तसे. हाडाखाली टाचेच्या बाजूला चरबीची गादी असते. पाऊल टेकले की ती दबते, उचलले की फुलते. तिच्यामुळे दणका शोषला जातो आणि पायातले रक्त वर ढकलले जायलाही मदत होते.

विण्याच्या सुमारास शरीरातल्या संप्रेरकांमुळे हे पापुद्रे थोडे सैल होतात. व्यायल्यावर गाय दुधामागे खंगली की चरबीची गादीही पातळ होते. म्हणजे ज्या दिवसांत गाय सर्वाधिक दूध देते, नेमक्या त्याच दिवसांत तिच्या पायाची आतली बांधणी नाजूक असते. अशा वेळी तासन् तास कठीण कोब्यावर उभे राहावे लागले, तर हाड खाली दाबले जाते आणि जिवंत थर हाड व तळवा यांच्यामध्ये चेपला जातो. तिथे रक्त साकळते. ते बाहेर दिसत नाही. नव्याने तयार होणाऱ्या खुरात अडकते आणि खुराबरोबर हळूहळू खाली सरकते. तळव्याच्या पृष्ठभागावर पिवळसर-लाल डाग दिसायला साधारण दोन महिने लागतात. इजा मोठी असेल तर त्या जागी धड खूर तयारच होत नाही, तळव्याला भोक पडते. हा तळव्याचा व्रण. मागच्या पायांच्या बाहेरच्या नखीत तो सर्वाधिक आढळतो, कारण कठीण जमिनीवर त्या नखीवर भार जास्त येतो.

खुराची भिंत महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढते. आजार, विणे, उपासमार, चाऱ्यातला मोठा बदल अशा प्रसंगी ही वाढ मंदावते आणि भिंतीवर आडवी खाच उमटते. केसांच्या रेषेपासून अशी खाच अडीच सेंटिमीटर खाली असेल, तर साधारण पाच महिन्यांपूर्वी गायीला काहीतरी बाधले होते असे समजावे. गोठ्यात कोणी नोंदवही ठेवली नसली, तरी खूर आपली रोजनिशी लिहीतच असते.

गोठ्यातला दिवस, खुराच्या नजरेने

छोट्या गोठ्याचा दिवस पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. शेण ओढणे, कास धुणे, धार काढणे, डेअरीला दूध घालणे. रात्रभर बांधलेल्या गायीच्या मागच्या पायांखाली तोवर शेण-मुताचा राडा झालेला असतो. खूर हे लाकडासारखे आहे. सतत ओले राहिले की मऊ पडते. मऊ खूर लवकर झिजते, त्यात खडे रुततात, आणि बेचक्यातली कातडी फुगून जंतूंना वाट मिळते. म्हणून शेण दिवसातून दोनदा काढणे, कोब्याला मुताच्या नालीकडे उतार असणे आणि मागच्या पायांची जागा कोरडी असणे, ही खुरांच्या आरोग्याची पहिली पायरी आहे.

धारेच्या वेळी पेंड देण्याची पद्धत सगळीकडे आहे. गाय गप्प उभी राहते, पान्हा सोडते. पण दिवसाची सगळी पेंड आणि भरडा दोनच वेळा, रिकाम्या पोटी दिला, तर पोटाच्या पहिल्या कप्प्यात स्टार्च झपाट्याने आंबतो. आम्ल वाढते, रवंथ मंदावते. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि आम्ल मारण्याचे मुख्य काम लाळेतल्या सोड्याचेच. ही आम्लता वारंवार झाली की तिचे परिणाम रक्तावाटे खुरातल्या जिवंत थरापर्यंत पोहोचतात, तिथे सूज येते आणि नवे खूर निकृष्ट तयार होते. चूक गव्हाणीत, शिक्षा पायाला! उपाय साधा आहे. आधी थोडी वैरण, मग पेंड. आणि शक्य असेल तर पेंडीचे दोनाऐवजी तीन-चार हप्ते. कडबा, वाळले गवत यांसारखा चावून खाण्याचा चारा रोज हवाच. कुट्टी इतकी बारीक नको की रवंथ करायला काही उरूच नये. विल्यावर पेंड एकदम न वाढवता दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी. जस्त हे खनिज आणि बायोटिन हे जीवनसत्त्व खुराच्या मजबुतीला लागते. खनिज मिश्रणाचा उपयोग आहे, पण तो दिसायला महिने लागतात, कारण खूर वाढायलाच महिने लागतात.

नऊ-दहा वाजता घरातली माणसे रानात जातात. गाय मात्र दावणीलाच असते. निरोगी गाय दिवसाच्या चोवीस तासांत दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ बसते. बसली की खुरांवरचा भार जातो, खुराला कोरडे व्हायला वेळ मिळतो, आणि रवंथही बहुतेक बसूनच होते. पण बसायला जागा आखूड असेल, खाली उघडा कोबा असेल, दावे तोकडे असेल, तर ती उभीच राहते. रबरी मॅट, भुसा, उसाचे वाळलेले पाचट यांपैकी जे जमेल ते अंथरले, तरी बसण्याचे तास वाढतात. चारही बाजूंनी कुंपण घालून गायी मोकळ्या सोडण्याचा मुक्त संचार गोठा अलीकडे अनेक शेतकऱ्यांनी स्वीकारला आहे. त्याचा मोठा फायदा पायांना होतो. मातीवर चालल्याने खूर झिजते, रक्त खेळते, आणि कोणती गाय मागे राहते हेही दिसते.

झीज हा शब्द इथे महत्त्वाचा. माणदेशातल्या खिल्लार बैलांचे खूर खडकाळ वाटेवर आणि डांबरी रस्त्यावर इतके झिजत, की लोखंडी पत्री मारून ते वाचवावे लागत; चार पायांना आठ पत्र्या. ऊसवाहतुकीच्या बैलांना आजही पत्री मारली जाते. दावणीच्या गायीचा प्रश्न नेमका उलटा आहे. तिचे खूर वाढते, पण झिजत नाही. पुढचे टोक लांबते, वर वळू लागते, टाच खाली बसते आणि सगळा भार मागे सरकून व्रण होतो त्याच जागेवर येतो. म्हशींनाही हे लागू आहे. कोब्यावर बांधून ठेवलेल्या म्हशीचे खूर चपलेसारखे पसरलेले अनेकांनी पाहिले असेल.

पाय कळतो पाठीवरून

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये गायीचे लंगडणे मोजण्याची एक सोपी पद्धत मांडली. ती आज जगभर वापरली जाते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. पाहायचे ते मुख्यतः गायीच्या पाठीकडे.

उभी असताना आणि चालताना पाठ सपाट असेल, तर गुण १: गाय ठीक. उभी असताना सपाट, पण चालताना पाठीला कमान येत असेल, तर गुण २. उभी असतानाही कमान आणि पावले आखूड, तर गुण ३. एखाद्या पायावर भार टाकायला ती स्पष्ट कचरत असेल, तर गुण ४. पाय टेकवतच नसेल किंवा उठायलाच तयार नसेल, तर गुण ५.

आपल्याकडे ‘गाय लंगडते’ असे म्हटले जाते ते बहुधा चौथ्या पायरीवर. खरी संधी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असते, कारण तेव्हा साळणी आणि थोडा आराम एवढ्यानेही पुष्कळदा भागते. गाय पाण्यावर नेताना, सपाट जमिनीवर, बाजूने आठ-दहा पावले पाहिली की पुरे. पाच गायींना पाच मिनिटे लागतात. आठवड्याचा एक वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुण लिहून ठेवले, तर दोन महिन्यांत कोणती गाय घसरते आहे हे आपोआप समोर येते.

साळणी: किती, केव्हा, कोणी

वाढलेले खूर कापून, तासून मूळ आकारात आणणे म्हणजे खुरसाळणी. वर्षातून साधारण दोनदा ती करावी: एकदा गाय आटवताना, म्हणजे विण्याच्या सुमारे दोन महिने आधी, आणि दुसऱ्यांदा विल्यानंतर दोन-चार महिन्यांनी. गाभण गायीला शेवटच्या काही आठवड्यांत खोड्यात घालून ताण देऊ नये.

साळणीची आजची शास्त्रीय पद्धत नेदरलँड्समध्ये रुजली. तिथले पशुवैद्यक तुसाँ रावेन यांनी ती पायऱ्यापायऱ्यांनी मांडली, म्हणून ती ‘डच पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तिचे सूत्र असे, की मोठ्या संकरित गायीच्या नखीची पुढची भिंत, केस संपतात तिथून टोकापर्यंत, साधारण ७.५ सेंटिमीटर ठेवावी. तळवा टोकाशी पातळ करू नये. टाच शक्यतो कापू नये. आणि दोन्ही नख्या एका पातळीत आणाव्यात, म्हणजे भार समान वाटला जाईल. व्रण होतो त्या आतल्या भागात तळवा किंचित खोलगट केला, की तिथला दाब कमी होतो. लहान चणीच्या देशी गायीला हेच माप लावू नये. तिचे खूर मुळातच आखूड असते.

जास्त कापणे हे न कापण्याइतकेच वाईट. तळवा अंगठ्याने दाबल्यावर लवू लागला किंवा गुलाबी छटा दिसली, की तिथेच थांबायचे. कोयता, विळा किंवा सुताराची पटाशी घेऊन घरच्या घरी खूर तोडण्याचे प्रकार होतात. त्यात जिवंत थर कापला जातो आणि जखमेतून जंतू थेट हाडापर्यंत पोहोचू शकतात. गाय खोड्यात नीट उभी करून, पाय बांधून, वाकड्या टोकाची खुरसुरी, खूरकात्री आणि कानस वापरून प्रशिक्षित माणसानेच साळणी करावी. एका गोठ्याला खोडा परवडत नसेल, तर दूध संस्थेने किंवा चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून तो घ्यावा.

व्रण झालेल्या गायीच्या बाबतीत पशुवैद्यक त्याच पायाच्या निरोगी नखीखाली लाकडी किंवा रबरी ठोकळा चिकटवतात. दुखरी नखी अधांतरी राहते आणि भरून येते. औषधाइतकीच ही विश्रांती महत्त्वाची असते.

पावसाळा आणि औषधे

पावसाळ्यात चिखलामुळे बेचक्यात जखम होते, तिथे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू शिरतात आणि खूर सडू लागते. पाय अचानक सुजतो, घाण वास येतो, ताप भरतो. अशा गायीला त्याच दिवशी डॉक्टर दाखवावा. टाचेमागे स्ट्रॉबेरीसारखी लाल, हात लावू न देणारी जखम हा वेगळा संसर्ग. त्याचे वर्णन १९७४ मध्ये इटलीत प्रथम झाले आणि आज तो जगभर पसरला आहे. बाहेरून आणलेली गाय हा त्याचा नेहमीचा मार्ग. म्हणून बाजारातून आणलेल्या गायीचे चारही पाय धुऊन पाहिल्याशिवाय तिला आपल्या दावणीला बांधू नये.

प्रतिबंधासाठी मोरचुदाचे ५ टक्के द्रावण वापरतात: १०० लिटर पाण्यात ५ किलो. त्यात गायींना चालवायचे किंवा एकेक पाय बुडवायचा. पाय आधी धुतलेले हवेत, कारण शेणात मोरचूद निकामी होते. द्रावण प्लास्टिकच्या टबात किंवा सिमेंटच्या हौदात करावे, कारण लोखंडाचा पत्रा ते खाऊन टाकते. गायींनी ते पिऊ नये. मेंढ्यांना तर तांबे फारच लवकर बाधते. उरलेले पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा दरवेळी एकाच वाफ्यात ओतू नये. तांबे मातीत साठत जाते.

लाळ्या-खुरकूत हा विषाणूचा आजार. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, कधी खुराचे आवरणच सुटते. त्यावर लस हाच खरा उपाय. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी ती मोफत दिली जाते. ‘लस दिली की दूध कमी होते’ म्हणून ती टाळणारे आहेत. लसीनंतर दूध उतरलेच, तर ते थोड्या दिवसांत परत येते. खुरकुतीने अधू झालेला पाय तितका सहज परत येत नाही.

वेदनाशामक आणि प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत. प्रतिजैविक दिल्यावर सांगितलेले दिवस दूध डेअरीला घालू नये. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक गुरांना टोचू नये. हे औषध अंगात असताना मेलेल्या गुरांचे मांस खाऊन देशातली गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे.

गोठ्याशेजारच्या शेळ्यांनाही विसरू नये. माळावर चरणाऱ्या उस्मानाबादी शेळीचे खूर दगडांवर आपोआप झिजते. बंदिस्त शेळीचे वाढून आत दुमडते आणि त्यात माती अडकते. दीड-दोन महिन्यांनी ते तपासून कात्रीने नीट करावे.

पहिली खबर कोणाकडे?

बहुतेक छोट्या गोठ्यांत शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी व्यक्ती म्हणजे घरातली बाई. कोणती गाय आज उशिरा उठली, कोणी मागचा पाय सारखा झटकला, कोणाच्या पाठीला बाक आला, हे तिला सर्वांत आधी दिसते. पण पशुपालनाच्या प्रशिक्षणाला बहुधा घरातला पुरुष जातो, डॉक्टरला फोन तोच करतो आणि खर्चाचा निर्णयही तोच घेतो. त्यामुळे ‘तांबडीचं काहीतरी बिनसलंय’ हे तिचे वाक्य आणि डॉक्टरची फेरी यांच्यामध्ये आठवडे निघून जातात. खुरांच्या दुखण्यात हेच आठवडे मोलाचे असतात. दूध संस्थांनी आणि कृषी विज्ञान केंद्रांनी खुरांचे प्रशिक्षण ठेवावे ते सकाळची धार आटोपल्यावर, गावातल्याच एखाद्या गोठ्यात, आणि बोलावणे बाईच्या नावाने धाडावे.

घरात सुरुवात करायला खर्च नाही. या आठवड्यात प्रत्येक गायीचे चारही पाय पाण्याने धुऊन पाहा. टोक वर वळले आहे का? बेचक्यात जखम, वास किंवा अडकलेला खडा आहे का? भिंतीवर खाच आहे का, आणि ती केसांच्या रेषेपासून किती खाली आहे? मग त्या तितक्या महिन्यांपूर्वी गोठ्यात काय घडले होते, ते घरात सगळ्यांना विचारा. उत्तर बहुधा कोणाला तरी आठवतेच.